बर्फाची जाडी

तौनो राउतिओ वर्षातून दोनदा दवाखान्यात येतो
आणि बाही वर करताना दर वेळी विचारतो,
"ओटावाच्या बाई बऱ्या आहेत ना?"
जशी काही तपासणी त्यांचीच आहे.

त्यानं त्यांना पाहिलेलं नाही. मीही नाही.
डॉक्टर ऑजे म्हणजे पडद्यावरची सही,
बाराशे किलोमीटरवरून येणारी पाच-सहा वाक्यं,
शेवटी ठरलेलं : सहा महिन्यांनी पुन्हा पाहू.

आजार म्हणावा असं काही नाही.
रक्तातली प्रथिनं आलेखावर उतरतात
तेव्हा उजव्या टोकाला एक पसरट टेकडी असते.
तौनोच्या टेकडीवर सुळका आहे,
पेशींच्या एकाच गोतावळ्यानं
एकच शब्द घोकत बसावं तसा.
शंभरातल्या एखाद्याचा, दर वर्षी, त्यातून कर्करोग होतो.
उरलेल्या नव्याण्णवांनी काय करायचं?
मोजत राहायचं.
पहिल्यांदा हे मी त्याला चाचरत सांगितलं.
तो म्हणाला, "म्हणजे बर्फासारखं."

कागदाची गिरणी बंद पडल्यापासून
गावच्या तळ्याचा बर्फ तोच मोजतो.
नोव्हेंबर लागला की रोज सकाळी
एक भोक, एक पट्टी, एक आकडा.
चार इंच माणसाला पुरे, गाडीला बारा.
आकडा पोस्टाच्या दारावर लागतो, मगच पोरं तळ्यावर उतरतात.
"वरून बर्फ खरं बोलत नाही," म्हणतो, "भोक पाडावंच लागतं."
मी सुई लावते. तो नजर फिरवत नाही.

उणे छत्तीसला नळ्या गोठतात.
गाडीपर्यंत मी त्या कोटाच्या आत, काखेशी धरून नेते.
शितावरून भाताची परीक्षा, खरं आहे,
पण शीत आधी पोचायला तर हवं.

आठ. आठ. नऊ. आठ.
चार वर्षं मी आकडे लिहिले, पाठवले.
हिमोग्लोबिन, कॅल्शियम, मूत्रपिंडं, सगळं जागच्या जागी.
या फेब्रुवारीत पुन्हा नऊ.
उत्तरही तेच येणार, धरूनच चालले होते.

दुसऱ्याच दिवशी आलं.
आकड्यांविषयी एक ओळ. मग :
"तळपायांना मुंग्या येतात का? बधिरपणा?
आतापर्यंतच्या एकाही पत्रात हे लिहिलेलं नाही.
मीही विचारलेलं नाही."

त्या "मीही"वर मी जरा थांबले.

फोन केला. तौनो बराच वेळ गप्प.
मागे चुलीत लाकूड तडकत होतं.
"क्लच," म्हणाला. "नाताळपासून ट्रकचा क्लच पायाला कळत नाही.
मला वाटलं, थंडी. बर्फावर उभ्या राहणाऱ्या पायांना
दुसरं काय होणार?"
आणि मग, अगदी हळू, "सौनाच्या दगडांपाशी एकदा..."
पुढचं त्यानं सांगितलं नाही.
मोजा उतरवला तेव्हा दिसलं :
टाचेवर नाण्याएवढी जखम, दोन आठवड्यांची,
जिची त्याला खबरच नव्हती.

चार वर्षं तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसत होता.
डोळ्यांत तेल घालून मी
त्याच्या कोपराच्या शिरेकडे पाहत होते.

रात्री सगळं लिहिलं. क्लच, टाच, बर्फाची वहीसुद्धा,
तिच्यासाठी अर्जात चौकट नसताना.
उत्तर आलं : थंडर बेला नसांची तपासणी,
रक्ताच्या आणखी दोन नळ्या, लघवी,
जखम रोज पाहणे.
"आणि मला त्यांना एकदा भेटायचंय.
पडद्यावर चालेल, पण पाय दिसले पाहिजेत."

गुरुवारी तौनो नखं कापून, इस्त्रीचा शर्ट घालून आला.
"बाईंपुढे बरं दिसायला हवं."
मी कॅमेरा खाली, फरशीकडे वळवला.
दोन पांढरे पाय, शेजारी रिकामे बूट.
पडद्यात एक बाई चष्मा वर सरकवून पुढे वाकल्या,
मला वाटल्या होत्या त्याहून तरुण.
"डावा जरा पुढे घ्या, मिस्टर राउतिओ."

त्यानं आधी खाली पाहिलं.
मग हलवला.